विषाचा हिशेब मागणारी विदुषी : रेचेल कार्सन

रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांची आणि राज्यशकट हाकणाऱ्या मुत्सद्द्यांची चरित्रे आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. परंतु हाती शस्त्र नाही, पाठीशी सत्ता नाही, प्रकृतीची साथ नाही, आणि तरीही अभ्यास व लेखणी यांच्या बळावर एका बलाढ्य राष्ट्राला आपल्या कारभाराचा फेरविचार करावयास लावणाऱ्या व्यक्ती इतिहासात थोड्याच होऊन गेल्या. अमेरिकेतील शास्त्रज्ञ व लेखिका रेचेल कार्सन या त्यांपैकी एक होत. त्यांच्या चरित्राकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते, याला आणखीही एक कारण आहे. कार्सनबाईंनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर त्यांच्या देशाने स्वतःपुरते दिले. देशाच्या सीमेपलीकडे तोच प्रश्न पुष्कळ काळ अनुत्तरित राहिला, आणि त्याची झळ आपल्यासारख्या देशांना लागली.

रेचेल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. गाव ॲलेघनी नदीच्या काठी वसलेले; घराभोवती सुमारे ६५ एकरांची जमीन, तीवर फळझाडे आणि पलीकडे रान. वडील रॉबर्ट कार्सन यांच्या हाती पैसा कधी फारसा खेळला नाही. आई मारिया या विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. धाकट्या रेचेलला हाताशी धरून त्या रानात फिरत, पक्ष्यांचे आवाज ओळखावयास शिकवीत, कीटकांचे निरीक्षण करावयास लावीत. कोणत्याही सजीवाला विनाकारण इजा करू नये हा संस्कार मुलीच्या मनावर झाला तो या फेरफटक्यांतूनच. रेचेलला लेखनाचीही ओढ लहानपणापासून होती. १९१८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिची एक गोष्ट मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली. आपल्या वार्षिकांकासाठी लेख लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

१९२५ साली रेचेल पिट्सबर्ग येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. शिक्षणाचा खर्च कुटुंबाला झेपणारा नव्हता. आईने पियानोच्या शिकवण्या धरून त्यास हातभार लावला. लेखिका व्हावयाचे या निश्चयाने तिने इंग्रजी विषय घेतला होता. परंतु मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिकेच्या जीवशास्त्राच्या तासांनी तिला असे काही भारून टाकले की, तिने आपला विषयच बदलला. आता लेखन सुटले, असेच तिला त्या वेळी वाटले. विज्ञान आणि साहित्य यांचा संगम आपल्याच हातून घडावयाचा आहे, याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

१९२९ साली पदवी मिळाल्यावर त्या उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधी तिला लाभली. समुद्रापासून दूर वाढलेल्या या मुलीला समुद्राचा खरा सहवास तेथे प्रथम घडला, आणि तो जन्मभराचा स्नेह ठरला. पुढे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली त्यांनी प्राणिशास्त्रातील एम. ए. ची पदवी संपादन केली. डॉक्टरेट करण्याचा मनोदय मात्र सिद्धीस गेला नाही. देशात महामंदी पसरलेली होती. १९३५ साली वडील निवर्तले आणि घराचा भार त्यांच्यावर येऊन पडला. दोनच वर्षांनी थोरली बहीणही वारली व तिच्या दोन मुलींच्या संगोपनाची जबाबदारी रेचेल व त्यांच्या आईवर आली.

उदरनिर्वाहासाठी त्यांनी सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्यात प्रथम नभोवाणीसाठी छोटी भाषणे लिहून देण्याचे काम पत्करले, आणि १९३६ साली त्याच खात्यात त्यांना जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम नोकरी मिळाली. शास्त्रीय पदांवर स्त्रिया अपवादानेच दिसत असा तो काळ होता. दिवसा कचेरीत अहवाल तपासावयाचे, रात्री घरच्यांची निजानीज झाल्यावर लिहावयास बसावयाचे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. त्यांचे पहिले पुस्तक १९४१ साली प्रसिद्ध झाले. परंतु लगोलग अमेरिका महायुद्धात उतरली आणि त्या धामधुमीत पुस्तकाकडे कोणी फारसे पाहिले नाही. दहा वर्षांनी, १९५१ साली, समुद्राची घडण, त्याचे प्रवाह, भरती-ओहोटी आणि तळाचे जीवन यांचे वर्णन करणारा त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला, आणि त्याने त्यांना एकाएकी कीर्तीच्या शिखरावर नेऊन बसविले. पुढील वर्षी त्यास अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. १९५२ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला व मेन राज्यातील समुद्रकिनारी एक छोटे घर बांधून सर्व वेळ लेखनास वाहिला. पृथ्वीवरील सर्व समुद्र वस्तुतः एकच आहेत आणि एका किनाऱ्यावर घडलेली गोष्ट दुसऱ्या किनाऱ्यास कधी ना कधी कळल्यावाचून राहत नाही, हा या ग्रंथांचा मथितार्थ होता. पुढील हकिकत समजण्यासाठी तो वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता आपण डी.डी.टी. या रसायनाकडे वळू. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे काम करणाऱ्या पाउल म्युलर या रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण शोधून काढला. महायुद्धात सैनिकांना व निर्वासितांना उवांमुळे होणाऱ्या प्रलापक ज्वरापासून त्याने वाचविले, आणि १९४८ साली म्युलर यांस नोबेल पारितोषिक देण्यात आले. आपल्या देशावरही या पांढऱ्या भुकटीचे उपकार आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व त्यांतील सुमारे आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, गावोगावच्या घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्यात आली, आणि १९६१ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास उतरली.

परंतु अमेरिकेत याच रसायनाचा उपयोग केवळ रोगनिवारणापुरता राहिला नाही. विमानांतून शेतांवर, रानांवर, तळ्यांवर आणि वस्त्यांवरही ते सर्रास शिंपडले जाऊ लागले. कार्सनबाईंना याविषयी शंका फार पूर्वीपासून होती. १९४५ साली त्यांनी एका सुप्रसिद्ध मासिकाला या विषयावर लेख देऊ केला होता. संपादकांनी तो नाकारला. १९५८ साली मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या एका परिचित स्त्रीने कळविले की, डासांसाठी झालेल्या विमानी फवारणीनंतर तिच्या बागेतील पक्षी पटापट मरून पडले. या पत्राने विचारास चालना मिळाली. कोणी दुसऱ्याने हा विषय लिहावा म्हणून त्यांनी प्रयत्न केला. शेवटी हे काम आपणच केले पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

त्यापुढची चार वर्षे अत्यंत कष्टाची गेली. १९५८ च्या डिसेंबरात आई निवर्तली. भाचीच्या निधनानंतर तिच्या लहान मुलाला त्यांनी दत्तक घेतले होते; त्याचे सर्व पाहावयाचे होते. १९६० साली त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रिया व किरणोपचार यांच्या यातना सोसीत त्यांनी शेकडो शोधनिबंध वाचले, शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला आणि प्रत्येक विधान तपासून घेतले. १९६२ च्या जूनमध्ये हे लेखन एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले व २७ सप्टेंबर १९६२ रोजी 'सायलेंट स्प्रिंग' या नावाने ग्रंथरूपाने बाहेर पडले. पक्ष्यांच्या कूजनावाचून मुका झालेला वसंत ऋतू, असा त्या नावाचा भाव आहे.

ग्रंथातील एकच उदाहरण येथे देतो. कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवरावर चिलटांचा फार उपद्रव होत असे. ती मारण्यासाठी डी.डी.टी.च्या जातीचे एक रसायन पाण्यात सोडण्यात आले. त्याचे प्रमाण ५ कोटी भाग पाण्यास १ भाग, म्हणजे नगण्यच. परंतु पाण्यातील सूक्ष्म जीवांनी ते शोषून घेतले. ते सूक्ष्म जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी खाल्ले, आणि पायरीपायरीने विष साठत गेले. ते मासे खाणारे ग्रीब नावाचे पाणपक्षी मरू लागले, तेव्हा त्यांच्या चरबीत त्याचे प्रमाण दहा लाख भागांस १६०० भाग एवढे आढळले. सरोवरावर पूर्वी या पक्ष्यांच्या हजाराहून अधिक जोड्या घरटी करीत. १९६० च्या सुमारास तीसच्या आसपास जोड्या उरल्या होत्या. पाण्यात टाकलेले विष पाण्यात राहत नाही, ते जीवनाच्या साखळीतून चढत जाते, हे सत्य सामान्य वाचकास या उदाहरणाने पटले. अशा द्रव्यांना कीटकनाशके न म्हणता जीवनाशके म्हणावे, असे कार्सनबाईंनी सुचविले. आपल्याकडे शेतकरी फवाऱ्यातील विषाला औषध म्हणतो. नावानेच भीती कशी मोडते, याचा विचार वाचकांनी करून पाहावा.

ग्रंथ प्रसिद्ध होताच रासायनिक उद्योगांत खळबळ उडाली. एका कंपनीने प्रकाशकास कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. लेखिका भावनाविवश आहे, अविवाहित स्त्रीला पुढच्या पिढीची चिंता कशाला, अशी हीन टीकाही झाली. वास्तविक सर्व रसायनांवर सरसकट बंदी घाला, असे कार्सनबाईंनी कोठेही म्हटले नव्हते. पुरते ज्ञान नसताना, आणि ज्यांच्या अंगावर हे विष पडणार त्यांस न विचारता, त्याचा बेसुमार वापर करू नये, एवढेच त्यांचे सांगणे होते. बेसुमार फवारणीने कीटकच विषाला सरावतात आणि रोगनिवारणाचे साधनही बोथट होते, हा इशाराही त्यांनी दिला होता.

अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने १५ मे १९६३ रोजी आपला अहवाल सादर केला. त्याने कार्सनबाईंच्या प्रमुख प्रतिपादनास दुजोरा दिला. ४ जून १९६३ रोजी त्या सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीस उभ्या राहिल्या. रोग हाडांपर्यंत पोहोचला होता; तथापि विरोधकांनी आपल्या आजाराचे भांडवल करू नये म्हणून त्यांनी तो गुप्त ठेवला होता. दुसऱ्याने वापरलेल्या विषापासून आपल्या घरात सुरक्षित राहण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, हे तत्त्व त्यांनी त्या समितीपुढे मांडले. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे त्यांचे निधन झाले. १९८० साली अमेरिकेने त्यांस मरणोत्तर स्वातंत्र्यपदक देऊन गौरविले.

त्यांच्या श्रमांचे फळ त्यांच्या मागे आले. १९७० साली अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ साली तिने जवळजवळ सर्व पिकांवरील डी.डी.टी.चा वापर बंद केला. सामान्यतः चरित्रकार येथे लेखणी खाली ठेवतात. आम्हांस मात्र येथून पुढे दोन पावले जावयाचे आहे. कारण त्याच आज्ञेत निर्यातीला मोकळीक ठेवलेली होती.

लॉस एंजलिसजवळ डी.डी.टी. तयार करणारा एक मोठा कारखाना होता. त्याचे सांडपाणी १९७१ पर्यंत गटारांवाटे पॅसिफिक समुद्रात जात असे. तेथील मासे खाणाऱ्या पेलिकन पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की, ती उबवतानाच फुटत. १९७० साली जवळच्या ॲनाकापा बेटावर त्यांचे केवळ १ पिल्लू जगले. हा कारखाना स्वदेशातील बंदीनंतरही १९८२ पर्यंत परदेशांसाठी माल काढीत राहिला. डी.डी.टी.पुरतीच ही गोष्ट नव्हती. जमिनीतील कृमी मारणाऱ्या डी.बी.सी.पी. या रसायनामुळे कारखान्यातील कामगारांना वंध्यत्व येते, हे १९७७ साली कॅलिफोर्नियात उघडकीस आले. त्यानंतरही कोस्टा रिकातील केळीच्या बागांत ते काही काळ वापरले गेले. केळी उत्तरेकडे गेली, आणि आजार मजुरांच्या घरी राहिला.

अमेरिकेच्या १९७८ सालच्या कायद्याने एवढे घडविले की, आपल्याकडे मान्यता नसलेले कीटकनाशक बाहेर पाठविताना ग्राहकाकडून तशी जाणीव असल्याची लेखी कबुली घ्यावी व ती त्या देशाच्या सरकारास कळवावी. १५ जानेवारी १९८१ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी अशा मालाच्या निर्यातीवर अधिक कडक निर्बंध घालणारा आदेश काढला. नवे अध्यक्ष रेगन यांनी महिनाभरात, १७ फेब्रुवारी रोजी, तो रद्द केला. त्याच वर्षी डेव्हिड वेअर व मार्क शापिरो या पत्रकारांनी एक पुस्तक लिहून दाखवून दिले की, घरी निषिद्ध ठरलेले विष परदेशी जाते आणि आयात केलेल्या फळांतून व कॉफीतून घरच्याच ताटात परत येते. सर्व समुद्र एक आहेत, ही कार्सनबाईंची शिकवण येथे खरी ठरली. १९६६ साली, कार्सनबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, जेथे फवारणी कधी झालीच नव्हती त्या अंटार्क्टिकातील पेंग्विनच्या शरीरातही डी.डी.टी. सापडल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले होते.

निर्यातीच्या बाजूनेही काही म्हणणे आहे, आणि ते ऐकून घेणे न्यायाचे होईल. गरीब देशाला पीक वाचवावयाचे असते, हिवताप हटवावयाचा असतो; श्रीमंत देशाला जे नको ते गरिबाने का नाकारावे, हा निर्णय त्याचा त्याने करावा, असे व्यापारी म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे. म्हणूनच २००१ सालच्या स्टॉकहोम कराराने डी.डी.टी.वर निर्बंध घालतानाही रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणासाठी सवलत ठेवली. परंतु घराच्या भिंतीवर, प्रशिक्षित हातांनी, समजून-उमजून केलेली फवारणी वेगळी. आणि वाचता न येणाऱ्या भाषेतील चिठ्ठीचा डबा उघड्या अंगाच्या मजुराच्या हाती देणे वेगळे. निर्णय त्याने करावा, असे म्हणताना त्याला सर्व माहिती मिळाली आहे काय आणि नकार देण्याचे बळ त्याच्यापाशी आहे काय, हे पाहणे विक्रेत्याचे कर्तव्य नव्हे काय? १० सप्टेंबर १९९८ रोजी रॉटरडॅम येथे झालेल्या कराराने निदान माहितीचा हक्क मान्य केला. यादीतील घातक रसायन पाठविण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची संमती लागते. मात्र यादीत नवे नाव घालावयाचे तर सर्व सदस्य राष्ट्रांचे एकमत लागते, आणि त्यामुळे कित्येक नावे वर्षानुवर्षे अडून राहतात.

येथपर्यंत दोष दुसऱ्यांचा, असे वाटून आपण निर्धास्त होऊ नये. गोव्याहून किनाऱ्याने दक्षिणेस निघालो की, कर्नाटकाची हद्द संपताच केरळचा कासरगोड जिल्हा लागतो. काजूच्या बागा आमच्या परिसरालाही परक्या नाहीत. तेथील बागांवर ढेकण्या या किडीसाठी १९७० च्या दशकापासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले; आसपासच्या गावांतून मुलांच्या जन्मजात व्यंगांच्या व आजारांच्या तक्रारी येत राहिल्या. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषावर बंदी घातली आणि २०१७ साली प्रत्येक पीडितास ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. एंडोसल्फान तयार करणारा व बाहेर विकणारा जगातील सर्वांत मोठा देश त्या काळी भारतच होता. आपल्या शासकीय यादीत एक वेगळे सदरच आढळते: देशात वापरण्यास मनाई, परंतु निर्यातीसाठी उत्पादनास मुभा. कॅप्टाफोलची ८० टक्के भुकटी व निकोटिन सल्फेट यांची नावे त्यात नोंदलेली आहेत. म्हणजे जो अन्याय आपण सोसला, तोच करण्याचा दरवाजा आपणही उघडा ठेवला.

दरवाजा बंद करता येतो, याचाही दाखला आहे. युरोपात निषिद्ध असलेली कीटकनाशके १ जानेवारी २०२२ पासून आपल्या भूमीवर निर्यातीसाठी तयार करावयाची नाहीत, असा कायदा फ्रान्सने २०१८ साली केला. उत्पादकांनी त्यास आव्हान दिले. तेव्हा आपल्या देशातील उद्योगामुळे परदेशातील पर्यावरणाला होणाऱ्या हानीचा विचार करण्याचा कायदेमंडळास अधिकार आहे, असा निर्णय तेथील घटना परिषदेने जानेवारी २०२० मध्ये दिला. कार्सनबाईंनी नागरिकाच्या घरापुरते मांडलेले तत्त्व येथे प्रथमच राष्ट्राचा उंबरठा ओलांडून शेजाऱ्याच्या घरापर्यंत गेले.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही उद्या रसायनशास्त्रज्ञ होतील, काही व्यापारी होतील, काही शासनात बसतील, आणि पुष्कळजण शेती करतील. आपल्या मुलाच्या ताटात जे चालत नाही ते दुसऱ्याच्या मुलाच्या ताटात कसे चालेल, हा प्रश्न त्या त्या वेळी तुमच्यासमोर उभा राहील. तेव्हा विक्रीचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याचे उत्तर टाळू नका. आजारी शरीराने साक्षीस उभ्या राहिलेल्या त्या विदुषीचे ऋण फेडण्याचा याहून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाही.